हितोमीचे शेवटचे तेरा तास

शनिवार, २६ मार्च २०१६. सकाळचे १० वाजून ३७ मिनिटं. जमिनीपासून सुमारे ५७५ किलोमीटर उंचीवर जपानचा क्ष-किरण उपग्रह ‘हितोमी’ गरगर फिरता फिरता तुटला. तानेगाशिमाच्या तळावरून तो उडाला, त्याला तेव्हा जेमतेम ३८ दिवस झाले होते.

बाहेरून येऊन त्याच्यावर काही आदळलं नव्हतं. त्याला वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेनेच त्याला फिरवलं, आणि इतकं फिरवलं की त्याचे सौरपंखे तुटून गेले. हे कसं झालं ते जपानच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे जाक्साने, जाहीर अहवालात मांडलं आहे. तो घटनाक्रम मराठीत सविस्तर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. हितोमीबरोबर आपल्या आकाशगंगेतल्या काही घटना पाहण्याची संधीही गेली, आणि त्या घटना पुन्हा कधी घडतील हे कुणाच्याच हाती नाही.

पुढच्या सगळ्या वेळा जपानी आहेत. भारतातलं घड्याळ त्यांच्या साडेतीन तास मागे असतं.

२८ फेब्रुवारी. २७ दिवस आधी

उड्डाणानंतरचा अकरावा दिवस. उपग्रहाच्या पोटात घडी करून ठेवलेला सहा मीटर लांबीचा सांगाडा बाहेर सरकवला गेला. टोकाला कठोर क्ष-किरण टिपणारे दोन कॅमेरे होते. कठोर क्ष-किरण आरशावर अगदी तिरके, चाटून गेल्यासारखे पडले तरच वळतात, त्यामुळे ते एकत्र येण्याची जागा आरशापासून लांब असते. हितोमीत हे अंतर बारा मीटर होतं. बारा मीटरची दुर्बीण रॉकेटच्या टोकात मावत नाही, म्हणून ही घडी. सांगाडा बिनचूक उघडला आणि पावणेतीन टनांच्या आसपासचा हा उपग्रह चौदा मीटर लांबीचा झाला.

सांगाडा उघडल्यावर वजनाची वाटणी बदलली. उपग्रहाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांनी, थ्रस्टरांनी, केव्हा आणि किती जोर लावायचा याचं गणितही त्यामुळे बदललं. ते नव्याने करून आकडे वर पाठवायचे होते. आकडे उपग्रहाच्या प्रणालीला हव्या त्या रूपात बसवताना उणे चिन्हांची फिरवाफिरव हाताने करायची होती. तिथे चूक झाली. पाठवण्याआधी हे आकडे जमिनीवरच्या नकली उपग्रहावर, म्हणजे सिम्युलेटरवर, चालवून पाहिले असते तर काही मिनिटांत बिंग फुटलं असतं. ते पाहिले गेले नाहीत. चुकीच्या चिन्हांचे आकडे त्याच दिवशी हितोमीच्या संगणकात जाऊन बसले.

त्या आकड्यांची गरज संकटातच पडणार होती. रोजचं वळणं-थांबणं उपग्रह थ्रस्टरांवर करत नाही, आतल्या फिरत्या चाकांवर करतो. त्यामुळे पुढचे जवळजवळ चार आठवडे सगळं सुरळीत चाललं आणि चूक तशीच दडून राहिली.

मार्चचे पहिले तीन आठवडे

हा काळ आनंदाचा होता, आणि तो आनंद समजायचा तर आधीची सोळा वर्षं माहीत हवीत. हितोमीचा प्राण म्हणजे सूक्ष्म कॅलरीमापी. क्ष-किरणाचा एकेक कण शोषून त्याने किती ऊब आली ते हे उपकरण मोजतं. ही ऊब इतकी कमी असते की उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर ०.०५ अंशावर ठेवावं लागतं. असं उपकरण जपान-अमेरिकेने याआधी दोनदा वर पाठवलं होतं. पहिलं १० फेब्रुवारी २००० रोजी रॉकेटबरोबरच गेलं, कक्षेपर्यंत पोहोचलंच नाही. दुसरं २००५ मध्ये ‘सुझाकू’ उपग्रहावर व्यवस्थित थंड झालं, पण काही आठवड्यांत त्याला गार ठेवणारा द्रवरूप हेलियम उडून गेला. त्या उपकरणाने आकाशातला एकही तारा पाहिला नाही.

तिसरं उपकरण हितोमीवर होतं आणि ते उत्तम चाललं. पर्सियस दीर्घिकासमूहातला तप्त वायू सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर वेगाने घुसळतो आहे, हे त्याने मोजलं. त्या समूहाच्या मध्यावर बसलेलं कृष्णविवर एवढी ऊर्जा बाहेर टाकत असताना हा वेग खूप जास्त असेल, असं अनेकांना वाटत होतं. तो निघाला अगदी बेताचा. हितोमीच्या दुर्बिणीचं झाकण तेव्हा अजून उघडायचं होतं. झाकणातल्या बेरिलियमच्या पातळ खिडकीतून जे क्ष-किरण आत शिरले, तेवढ्यांवर हे मापन झालं.

२५ मार्च, रात्री ९:३५. उरले १३ तास

हितोमी वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाकडे वळून स्थिर झाला. सन १०५४ मध्ये चीन आणि जपानमधल्या निरीक्षकांनी ज्या ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद केली, त्याच्या स्फोटाचा हा अवशेष. मध्यभागी सेकंदाला तीस फेऱ्या मारणारा पल्सार आहे. सूर्याहून जड, पण एखाद्या शहराएवढ्या आकारात दाबलेला न्यूट्रॉन तारा. क्ष-किरण खगोलशास्त्रात नवी दुर्बीण तपासायची ती क्रॅबवर. त्याची चमक इतकी ठरलेली आहे की इतरांची चमकही ‘इतके क्रॅब’ अशीच मोजतात.

त्या रात्री जमिनीवरून काशिमाची ३४ मीटरची आणि उसुदाची ६४ मीटरची रेडिओ तबकडी एकाच वेळी क्रॅबकडे रोखलेल्या होत्या. क्रॅबचा पल्सार अधूनमधून रेडिओत प्रचंड जोरकस ठोका देतो. त्याच क्षणी क्ष-किरणही वाढतात का, हा प्रश्न होता. रेडिओत सुमारे एक हजार मोठे ठोके सापडले. हितोमीच्या नोंदीत त्या क्षणांना क्ष-किरणांची जाणवण्याजोगी वाढ दिसली नाही. उत्तर नकारार्थी आलं, तरी पल्सारच्या चुंबकीय आवरणात काय चालतं याच्या कल्पनांना त्याने मर्यादा घातली. २०१८ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ज्या उपग्रहाने हे पाहिलं तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

मध्यरात्र. उरले १० तास ३७ मिनिटं

हितोमी अजून क्रॅबवर आहे. त्याच्या दृष्टिरेषेपासून थोड्याच अंशांवर, त्याच वृषभ राशीत, दुसरा एक पल्सार त्या रात्री जवळजवळ अंधारात होता. त्याचं नाव ए०५३५+२६. ब्रिटनचा ‘एरियल-५’ उपग्रह १९७५ मध्ये क्रॅबच्या परिसराकडे पाहत असताना तो अचानक उजळला आणि सापडला. आधी तिथे काहीच दिसत नव्हतं. मग काही दिवसांत तो क्रॅबहून तेजस्वी झाला, दर १०४ सेकंदांनी ठोका देऊ लागला, आणि काही आठवड्यांत पुन्हा विझला.

अल्पकाळ उजळणाऱ्या क्ष-किरण पल्सारांची ही मोठी जात आहे. न्यूट्रॉन तारा एका तरुण, भरधाव फिरणाऱ्या निळ्या ताऱ्याभोवती लांबट कक्षेत फिरत असतो. निळ्या ताऱ्याच्या कमरेभोवती त्यानेच उधळलेल्या वायूची तबकडी असते. न्यूट्रॉन तारा जवळ आला की त्यातला वायू ओढतो. वायू चुंबकीय रेषांवरून घसरत त्याच्या ध्रुवांवर कोसळतो, तिथे कोट्यवधी अंशांचे तप्त ठिपके तयार होतात, आणि तारा फिरताना ते ठिपके आपल्यासमोर येत-जात राहतात. म्हणून ठोके. ए०५३५ची कक्षा सुमारे १११ दिवसांची आहे, पण प्रत्येक फेरीला तो उजळतोच असं नाही. तबकडी भरलेली असेल तर भडका उडतो, नाही तर वर्षानुवर्षं शांतता असते. मोठा भडका कधी उडेल ते सांगणारं पंचांग नाही.

आणि तो जमिनीवरून दिसत नाही. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात. म्हणून या शास्त्रात दोन तऱ्हेचे पहारेकरी लागतात. एक सारं आकाश चाळत राहतो आणि काही उजळलं की हाक देतो. अमेरिकेचा ‘स्विफ्ट’ उपग्रह आणि अंतराळ स्थानकावर बसवलेलं जपानचं ‘मॅक्सी’ ही कामं करतात. दुसरा पहारेकरी हाक येताच तिकडे वळून बारकाईने पाहतो. ठोक्याचा काळ किती सेकंदांनी बदलतो आहे, लोखंडाच्या रेषा कुठे सरकल्या, आणि वर्णपटात चुंबकीय क्षेत्राची खूण कुठे पडली, हे सगळं त्याला टिपायचं असतं. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण खातात, तिथे खाच पडते, आणि खाचेच्या जागेवरून क्षेत्राची ताकद थेट काढता येते. ए०५३५च्या बाबतीत ही खाच ४५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात, जिथे सहा मीटर सांगाड्याच्या टोकावरचे हितोमीचे कॅमेरे सर्वोत्तम काम करत. आणि लोखंडाच्या रेषा वाचायला कॅलरीमापी होताच. दुसरा पहारेकरी म्हणून त्या वेळी हितोमीहून सरस यंत्र जगात नव्हतं, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता म्हणेन.

२६ मार्च, पहाटे ३:०१. उरले ७ तास ३६ मिनिटं

क्रॅबचं काम संपलं. आधीच भरून ठेवलेल्या आज्ञेनुसार हितोमी मार्केरियन २०५ नावाच्या दूरच्या दीर्घिकेकडे वळू लागला. वळवण्याचं काम आतली चाकं करत होती. चाक एका दिशेने जोरात फिरलं की उपग्रह उलट दिशेने वळतो.

क्यूशू बेटावरच्या उचिनोउरा केंद्राच्या आकाशातून उपग्रह निघून गेला. या केंद्राशी त्याची पुढची भेट दुपारी ४:४० ला होती. मधल्या तेरा-साडेतेरा तासांत परदेशी केंद्रांवरून काही मिनिटांच्या तुरळक गाठी होत्या, पण त्यात संकट ओळखून कुणी हस्तक्षेप केला असं झालं नाही.

पहाटे ३:२२. उरले ७ तास १५ मिनिटं

वळण संपलं. हितोमी स्थिर आहे. प्रत्यक्षात तो पुढचा पाऊण तासही स्थिरच होता.

पहाटे ४:१०. उरले ६ तास २७ मिनिटं

इथे खरी सुरुवात झाली.

उपग्रहाला आपण कुठे बघतो आहोत हे दोन साधनांतून कळतं. जायरो हा फिरण्याचा वेग सांगतो, पण त्याच्या मापात हळूहळू फरक पडत जातो. तो फरक सुधारायला स्टार ट्रॅकर असतो. ताऱ्यांचं चित्र घेऊन तो नकाशाशी ताडून पाहतो. वळणानंतर स्टार ट्रॅकरने तारे पकडले. नुकतेच तारे मिळाले आहेत म्हणून त्या क्षणी संगणकाने त्याच्या मापाला फार मोठं वजन दिलं, आणि जायरोच्या दुरुस्तीचा आकडा एकदम उसळून तासाला २१.७ अंशांवर गेला. असं क्षणभर होणं अपेक्षितच असतं. पुढची काही मापं आली की हा आकडा खाली बसतो. पण त्या क्षणी स्टार ट्रॅकरच्या हातून तारे सुटले, तो परत शोधाशोधीच्या अवस्थेत गेला आणि पुढची मापं आलीच नाहीत. २१.७ हा आकडा गोठला.

उपग्रह स्थिर होता. संगणकाची मात्र खात्री झाली की आपण तासाला २१.७ अंशांनी फिरतो आहोत. दादरला शेजारची लोकल सुटली की क्षणभर आपलीच गाडी निघाली असं वाटतं, तसं. फरक एवढाच की या प्रवाशाच्या हातात गाडीचा हँडल होता. नसलेलं फिरणं थांबवायला त्याने चाकांना उलटा जोर लावला, आणि हितोमी खरोखरच तासाला २१.७ अंशांनी फिरू लागला. हा वेग फार नव्हे. एका पूर्ण फेरीला साडेसोळा तास लागले असते.

पहाटे ५ ते सकाळी ९. उरलेल्या वेळातले सगळ्यात महत्त्वाचे तास

या काळात हितोमीला वाचवण्याच्या तीन संधी त्याच्या आतच होत्या. एकेक करून त्या गेल्या.

पहिली संधी स्टार ट्रॅकरची. त्याने नंतर पुन्हा तारे पकडले आणि दिशा चुकते आहे हे त्याच्या मापात आलं. पण संगणकात नियम होता की जायरोचं गणित आणि ताऱ्यांचं माप यांत एक अंशाहून जास्त फरक असेल, तर ताऱ्यांचं माप खोटं समजायचं. फरक एक अंशाच्या पुढे गेला होता. खरं सांगणारा साक्षीदार खोटा ठरवून बाजूला काढला गेला.

दुसरी संधी सूर्याची. उपग्रहावर सूर्याची दिशा ढोबळ ओळखणारा वेगळा संवेदक होता. सौरपंखे सूर्यापासून फिरत चालले हे त्याने सांगितलं असतं. पण काही बिघडलं आहे का हे ठरवण्यासाठी संगणक त्या संवेदकाकडे पाहत नव्हता. सूर्य कुठे असायला हवा याचं स्वतःचं गणित तो वापरत होता, आणि ते गणित त्याच २१.७ वर उभं होतं. त्या गणितात सगळं ठीक होतं.

तिसरी संधी चाकांची. फिरणारी चाकं सतत वेग साठवत जातात, आणि साठलेलं कोनीय संवेग अधूनमधून रिकामं करावं लागतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन विद्युतचुंबकीय दांड्यांनी ते करतात. पण दांडे कुठल्या बाजूला आहेत हेच चुकीचं ठाऊक असल्यावर हे काम उलटंसुलटं होतं. चाकांमधला वेग रिकामा होण्याऐवजी भरत गेला.

अहवाल वाचताना याच भागाने मला सगळ्यात अस्वस्थ केलं. पहिल्या दोन ठिकाणी रचनाकारांनी विचार करून निर्णय घेतला होता. एक अंशाचा नियम ठेवला तो स्टार ट्रॅकरच्या चुकीच्या मापाने निरीक्षण बिघडू नये म्हणून. सूर्याचा संवेदक बाजूला ठेवला, कारण त्याचा दृष्टीचा टापू मर्यादित होता. प्रत्येक निर्णयाचा कल निरीक्षणाकडे होता आणि उपग्रहाच्या सुरक्षेला त्या मानाने कमी तोललं गेलं, असं स्वतः जाक्सानेच म्हटलं आहे. मला ते पटतं. नव्या उपग्रहाने पहिले सहा महिने कमी पाहिलं तरी चालेल, पण आपण फिरतो आहोत असं एखादा संवेदक म्हणत असेल तर त्याने आधी थांबायला हवं.

सकाळी १० च्या सुमारास. उरली सुमारे ३७ मिनिटं

शेवटची माहिती याच वेळची. सहा तास मंदपणे फिरत हितोमी ठरल्या दिशेपासून सव्वाशे अंशांहून दूर गेला होता. सौरपंख्यांवर ऊन पुरेसं पडत नव्हतं. चाकांमध्ये साठलेला वेग ११२ न्यूटन-मीटर-सेकंदांवर पोहोचला होता. मर्यादा १२० ची होती.

ही माहिती जमिनीवर आली. पण त्या वेळी परिस्थिती ओळखून आज्ञा धाडणारं कुणी समोर नव्हतं.

सकाळी १०:३७. शून्य

इथून पुढचं कुणी पाहिलेलं नाही. जे लिहिलं आहे ते गणितातून आणि नंतरच्या पुराव्यांतून जुळवलेलं आहे.

चाकांची मर्यादा संपली. संगणकाने संकट ओळखलं आणि शेवटचा उपाय काढला. थ्रस्टर पेटवायचे, उपग्रह सूर्याकडे वळवायचा, फिरणं थांबवायचं. या क्षणापर्यंत हितोमी वाचण्याजोगा होता. वीज कमी पडत होती, पण बॅटरी होती, शरीर अखंड होतं, दुपारी उचिनोउरावर तो पुन्हा दिसणार होता.

थ्रस्टरांनी २८ फेब्रुवारीचे आकडे वाचले. फिरणं थांबवण्यासाठी लागणारा जोर ज्या दिशेने हवा होता, त्याच्या उलट तो लागला. वेग वाढला. वेग वाढतो आहे हे पाहून प्रणालीने आणखी जोर लावला. दोन्ही बाजूंचे सौरपंखे आणि बाहेर काढलेला सहा मीटरचा सांगाडा हे उपग्रहाचे सगळ्यात नाजूक भाग. फेरीचा ताण त्यांना सोसवला नाही. ते मुळापासून तुटून गेले.

अमेरिकी लष्कराच्या रडारवर तुकडे होण्याची वेळ १०:४२, अकरा मिनिटं इकडे किंवा तिकडे, अशी निघाली. जाक्साच्या गणितातल्या १०:३७ ला ती जुळते.

दुपारी ४:४०. सहा तासांनंतर

उचिनोउराच्या आकाशात हितोमी यायची वेळ झाली. ठरलेला संदेश आला नाही.

सुरुवातीला रडारवाल्यांनी पाच तुकडे सांगितले. नंतर अकरा मोजले गेले. २८ मार्चच्या रात्री उचिनोउराला आणि मध्यरात्रीनंतर चिलीतल्या सांतियागोला क्षीण संदेश मिळाल्यासारखे वाटले, आणि जगभरातल्या क्ष-किरण शास्त्रज्ञांनी महिनाभर त्या आशेवर काढला. नंतर त्या लहरींची वारंवारता तपासली तेव्हा त्या हितोमीच्या नव्हत्या हे स्पष्ट झालं. हवाईतल्या सुबारू दुर्बिणीसह जमिनीवरून केलेल्या निरीक्षणांत उपग्रहाचा उरलेला मुख्य भाग ५.२ सेकंदांना एक फेरी मारताना दिसला. पहाटे ४:१० च्या त्या चुकीच्या आकड्याच्या जवळपास साडेअकरा हजार पट वेग.

२८ एप्रिल रोजी जाक्साने प्रयत्न थांबवल्याचं जाहीर केलं. जपानचा खर्च सुमारे ३१ अब्ज येन होता. संस्थेच्या अध्यक्षांसह वरिष्ठांनी चार महिने दहा टक्के वेतन सोडलं. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. काय चुकलं, कुठल्या दिवशी, कुठली तपासणी राहिली, हे त्यांनी नाव-गाव न लपवता सगळ्या जगाला वाचायला दिलं. एका माणसाच्या चुकीवर बोट ठेवून ते थांबले नाहीत. ती चूक पकडणारी व्यवस्था का नव्हती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आपल्याकडे अपयशाचे अहवाल बहुतेक वेळा कपाटात जातात. हा अहवाल त्या बाबतीत अनुकरणीय आहे.

३ ऑक्टोबर २०१७. १८ महिन्यांनंतर

हितोमी किमान तीन वर्षं चालावा असा बेत होता. तो चालला असता तर या तारखेला तो आकाशात असता.

त्या दिवशी स्विफ्टने शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा पल्सार पकडला. स्विफ्ट जे०२४३.६+६१२४. दर ९.८ सेकंदांना एक ठोका. पुढच्या महिन्याभरात तो इतका तापला की न्यूट्रॉन ताऱ्याच्या वजनाला झेपेल त्या मर्यादेच्या कितीतरी पट ऊर्जा तो बाहेर टाकत होता. इतके तेजस्वी पल्सार त्याआधी फक्त दुसऱ्या दीर्घिकांत माहीत होते. आपल्या आकाशगंगेत पहिलाच हा. अमेरिकेचे नायसर आणि नूस्टार, चीनचा इनसाइट, आणि आपला अ‍ॅस्ट्रोसॅट, सगळे तिकडे वळले. अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं जे उपकरण या पल्सारचे ठोके मोजत होतं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेलं. पुण्याच्या आयुकाचा आणि टाटा संस्थेचा हात लागलेल्या त्याच उपग्रहाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याने क्रॅबच्या कठोर क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं होतं. हितोमीनेही शेवटच्या रात्री तेच मोजायला सुरुवात केली होती.

स्विफ्ट जे०२४३ची पुष्कळ मापं झाली. कॅलरीमापीचं एकही झालं नाही. त्या प्रचंड प्रकाशाच्या दाबाखाली वायू बाहेर फेकला जात होता, त्याचा वेग लोखंडाच्या रेषांमधून हितोमीएवढ्या नेमकेपणाने वाचता आला असता. २०२० च्या नोव्हेंबरात ए०५३५नेही मोठा भडका दिला. कठोर क्ष-किरणांत तो शेजारच्या क्रॅबच्या दहापटींहून तेजस्वी झाला. तेव्हाही असं उपकरण वर नव्हतं. या दोन भडक्यांची ती पानं कोरी राहिली, आणि नवा भडका उडाला तरी तो नवाच असेल. त्याची तबकडी वेगळी, त्याचा जोर वेगळा.

७ सप्टेंबर २०२३. साडेसात वर्षांनंतर

तानेगाशिमाहून हितोमीचा वारस ‘क्रिझम’ उडाला. त्याच रॉकेटवर चंद्रावर उतरायला निघालेलं ‘स्लिम’ यानही होतं. क्रिझमवर हितोमीचीच जातकुळी सांगणारा कॅलरीमापी आहे, तोही ०.०५ अंशावर. कठोर क्ष-किरणांचे कॅमेरे आणि सहा मीटरचा सांगाडा मात्र या वेळी ठेवलेला नाही. म्हणजे चुंबकीय खाच वाचण्याचं काम त्याच्याकडून व्हायचं नाही. त्याच्याही दुर्बिणीचं झाकण वर गेल्यावर उघडलं नाही. सौम्य ऊर्जेचे क्ष-किरण बाहेरच अडतात, पण लोखंडाच्या रेषा बेरिलियमच्या खिडकीतून व्यवस्थित येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिझमने सेंटॉरस एक्स-३ या पल्साराकडे पाहिलं. दर ४.८ सेकंदांना ठोका देणारा हा तारा १९७१ मध्ये ‘उहुरू’ उपग्रहाने ओळखलेला पहिला क्ष-किरण पल्सार. आपल्या साथीदाराभोवती तो २.१ दिवसांत एक फेरी मारतो. कॅलरीमापीने त्याच्या लोखंडाच्या रेषा पूर्ण फेरीभर सरकताना मोजल्या.